मुलीला जिम्नॅस्टिक्सला घालायचंय: खान्देशातल्या पालकांनो, अनुभव सांगा

आमची कन्या सहा वर्षांची. घरात चालत नाही, कोलांट्या मारत फिरते. दाराच्या चौकटीला दोन्ही पाय लावून वर चढते आणि तिथूनच जेवायला काय आहे विचारते. शेवटी शाळेतल्या बाईंनीच डायरीत लिहून पाठवलं, हिला जिम्नॅस्टिक्सला घाला.

आम्ही जळगावला असतो. घरापासून दहा मिनिटांवर एक नवी अकॅडमी निघालीय. एसी हॉल, रंगीत मॅट, भिंतभर पदकांचे फोटो, तीन महिन्यांची फी एकदम. दुसरी आहे जुनी व्यायामशाळा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वर पत्रे आणि फी निम्म्याहून कमी. ह्यांचा कल पहिलीकडे, माझं काही ठरत नाही. आजेसासूबाईंचा तर सगळ्यालाच विरोध: "पोरले कसाले उलटं टांगतस व माय?" ज्यांनी मुलं घातली, काढली, बदलली, त्यांनी काय बघितलं ते सांगा. चांगलं-वाईट दोन्ही.

भुसावळ

वाईटापासून सुरुवात करतो. मुलगा आठ वर्षांचा असताना घातला होता. क्लबचं नाव लिहीत नाही. हॉल चकाचक, खाली टाइल्स आणि त्यावर त्या एकमेकांत दात अडकवून जोडायच्या फोमच्या चटया. आम्हाला वाटलं, मॅट म्हणजे मॅट. दोन महिन्यांत चटया सरकून मधे फट पडली. उडी मारून पोरगा खाली आला तो नेमका फटीत. घोटा गेला, सहा आठवडे प्लॅस्टर. त्यांच्याकडे साधा बर्फ नव्हता, समोरच्या रसवंतीतून आणला. मला फोन आला अर्ध्या तासाने.

खेळात मूल पडणारच, त्याचा राग नाही. पण पहिल्याच दिवशी ती चटई अंगठ्याने दाबून बघितली असती तर अंगठा थेट फरशीला टेकला असता. ते काही सुचलं नाही. भिंतीवरची पदकं मात्र मी मोजली होती.

धुळे

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळलेलो. थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी विचारा की शिकवतात काय. आर्टिस्टिक या प्रकारात मुलींची चार साधनं: व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून उडी), अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे), बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअर. मुलांची सहा. रिबन, हूप, चेंडू असेल तर ते ऱ्हिदमिक, तो वेगळाच प्रकार. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एवढं सामान नसतं आणि सहा वर्षांच्या मुलाला ते लागतही नाही. पण आहे ते स्वच्छ सांगणारा माणूस हवा. बोर्डावर सगळं आणि हॉलमध्ये फक्त चटई, असं नको.

प्रशिक्षकाचं 'एनआयएस' (म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोर्स) झालंय म्हणतात, तेव्हा पुढचा प्रश्न विचारा: सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स की वर्षाचा डिप्लोमा? दोन्ही पतियाळाचेच, पण फरक मोठा. अर्थात कागद असूनही हात नसलेले लोक मी पाहिलेत. हात म्हणजे सपोर्ट. मूल उलटं जाताना सरांचा हात कंबरेखाली आधीच पोचलेला असतो की मूल पडल्यावर धावतो, ते बघा. दहा मिनिटांत कळतं.

स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ ताणून बसणं) बसावा म्हणून मुलाच्या पाठीवर बसणारे, खांदे दाबणारे अजूनही आहेत. मूल रडतंय आणि सर म्हणतात, "दुखल्याशिवाय येत नाही." तिथून त्याच दिवशी चप्पल घालून निघा. ताण बसणं वेगळं आणि जोर लावून फाडणं वेगळं.

आणि उंची खुंटते का, हे प्रत्येक आजी विचारते. बुटकी मुलं हवेत लवकर फिरतात, म्हणून ती वरपर्यंत टिकतात आणि टीव्हीवर तीच दिसतात. खेळाने बुटकी झालेली नसतात. तळवे सपाट आहेत म्हणून मुलीला परत नेणारे पालकही भेटलेत मला. दीपा कर्माकरचे तळवे लहानपणी सपाटच होते. २०१६ ला रिओत व्हॉल्टच्या फायनलमध्ये ती चौथी आली, कांस्यपदक १ गुणाच्याही आत हुकलं.

अमळनेर

आमच्याकडे जिम्नॅस्टिक्स मिळालं नाही, म्हणून मुलीला मल्लखांबाला घातलं, तेही नाइलाजाने. आता चौथं वर्ष. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी वाढवलेली ही कला शिकायला ना एसी लागतो ना परदेशी सामान. पुरलेला खांब, वरून सोडलेला दोर, एरंडेलाची बाटली. पकड, पोट, खांदे असे तयार झालेत की शाळेच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत ती मागे पडली नाही. एकच त्रास: एरंडेलाचे डाग. ते कशानेही जात नाहीत, दोन फ्रॉक त्या नावाने सोडून द्या. आणि पहिले काही महिने दोरामुळे पायाच्या अंगठ्याजवळची कातडी निघते. तेव्हा मुलगी रडेल, आणि तुम्हीही.

शहादा

इथे काहीच नाही. उन्हाळ्यात पुण्याला मावशीकडे शिबिराला पाठवतो, पंधरा दिवस शिकून येते, उरलेलं वर्ष विसरते. तुम्हाला दोन-दोन पर्याय आहेत याचाच हेवा वाटला.

चाळीसगाव

फी भरताना आम्हाला सांगितलं, "सर्टिफिकेटचं टेन्शन घेऊ नका." तेव्हा बरं वाटलं. दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे डोक्यात होतंच. खोटं कशाला बोलू? पुढे लक्षात आलं की वर्षभर पोरगा कोलांटीच्या पुढे गेला नाही आणि घरात तीन प्रमाणपत्रं जमा झाली. कुठल्या स्पर्धेची, कोणी घेतलेली, कोणालाच नीट सांगता येईना. पडताळणीत असले कागद टिकत नाहीत म्हणतात. काढून घेतलं. पोराला दुःख झालं ते मित्र सुटल्याचं.

जळगाव, दोन मुलींची आई

सगळे चटईवरच बोलून राहिले म्हणून लिहितेय. आमच्या आधीच्या ठिकाणी नियम होता, पालकांनी गेटबाहेर थांबायचं, मुलांचं लक्ष विचलित होतं. मी आठवडाभर थांबले, मग काढलंच मुलीला. या खेळात हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही, हे मान्य. म्हणूनच दार उघडं हवं. अमेरिकेच्या संघाचा डॉक्टर वर्षानुवर्षे मुलींशी काय वागला आणि २०१८ मध्ये त्याला किती मोठी शिक्षा झाली, ते सगळ्यांनी वाचलंय. आताच्या मॅडम हात लावण्याआधी सांगतात, "कंबर धरतेय हं." मुलींनाही सवय झालीय. कोणी न सांगता धरलं तर त्या दचकतात. मला ते दचकणं आवडतं.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे एकेक संध्याकाळ बसून आले.

नव्या ठिकाणी मॅट जाड, अंगठा टेकला नाही. पण बावीस मुलं आणि सर एक, त्यातही निम्मा वेळ हातात मोबाइल, रील काढताहेत. आमची बाई तासाभरात तीन वेळा कार्टव्हील करून आली, बाकी वेळ रांगेत उभी. ती मात्र खूश, कारण एसी.

जुन्या व्यायामशाळेत सहा वाजताही पत्रे तापलेले. आपला मे महिना काय असतो ते सांगायला नको. बीम नाही. जमिनीवर खडूने दोन रेघा आखल्यात, मधे १० सेंटीमीटर, खऱ्या बीमएवढेच. त्यावरून मुलं चालताहेत. एक मुलगी कमान टाकत होती. सरांचा तळवा तिच्या पाठीखाली, मग फक्त चार बोटं, मग दोन, मग हात नुसताच खाली तरंगत. तिला कळलंही नाही की ती एकटी उभी आहे. मी विचारलं, रोज बसले तर चालेल का? म्हणाले, "बसा ना. फक्त पोरीला हाक मारू नका."

आमच्या बाईंची तक्रार, "तिथे उड्या मारूच देत नाहीत."

माझी तक्रार वेगळी. तिथल्या मुलींच्या बाथरूमला कडीच नाही, दाराला सुतळी बांधलीय. सरांना सांगितलं, ते ओशाळले, शनिवारपर्यंत बसवतो म्हणाले. शनिवारी बघून येते, मग फी भरते.