घरामागच्या चुलीचा धूर सगळा घरात येऊन राहिला, काय करावं?

मानेवाडा_रिंगरोड:

नमस्कार मंडळी. आमचं घर नागपूरला मानेवाड्याकडे लेआउटमध्ये आहे, मागच्या बाजूला टिनाचं लहान शेड आहे अन् त्यात आईची मातीची चूल. घरात गॅस आहेच, पण आंघोळीचं पाणी, तुरीची डाळ, रविवारचं मटण आणि हिवाळ्यात भाकरी हे सगळं आई चुलीवरच करते. तिला तेच आवडतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही, म्हणून "चूल बंदच करा" एवढा एकच सल्ला देऊ नका ही विनंती. पण या वर्षी धूर फारच होऊन राहिला. शेड तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूला किचनचं दार, त्यामुळे धूर सरळ घरात शिरतो. आईचे डोळे सारखे लाल असतात, खोकला जात नाही, शेजारच्या काकूंनी पण वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो म्हणून सांगितलं, आणि त्यांचं काही चुकीचं नाही.

सरपण म्हणजे दिवाळीच्या आधी समोरच्या कडुलिंबाच्या फांद्या छाटल्या होत्या त्याच वापरतो, शिवाय जवळच्या फर्निचरवाल्याकडून प्लायचे तुकडे फुकट मिळतात ते. चिमणी बसवली तर फरक पडेल का, की बाजारात ती फॅनवाली लोखंडी चूल मिळते ती घ्यावी? आणि चुलीमुळे गॅस खरंच किती वाचतो? अजून एक, रात्री आजीच्या खोलीत लोखंडी शेगडीत निखारे ठेवून दार लावतो, थंडी फार आहे म्हणून. निखाऱ्याला धूर नसतो त्यामुळे ते चालतं ना?

सिस्टर_ताई:

दादा बाकीचं सगळं नंतर वाचा, आज रात्रीपासून ती शेगडी आजीच्या खोलीत ठेवू नका. मी हॉस्पिटलमध्ये काम करते म्हणून कळकळीने सांगते. धूर नाही म्हणजे धोका नाही असं लोक समजतात आणि तिथेच घात होतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, डोळ्यांना चुरचुरत पण नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, मग माणूस श्वास घेतो पण ऑक्सिजन शरीराला पोचत नाही. जागं असलेल्या माणसाला डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, झोपलेल्याला मात्र काहीच कळत नाही, झोपेतच जातो. निखाऱ्यावर राख ओढली तरी गॅस निघतच राहतो. थोडी खिडकी उघडी ठेवतो असं पण करू नका, किती उघडी पुरेल हे कोणीच सांगू शकत नाही. आजींना संध्याकाळी अंगणात शेकू द्या, झोपताना गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी द्या, दोन गोधड्या टाका.

आणि घरात एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं, बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-थकवा समजून झोपू नका. सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा, कोणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा.

चूल बंद करा म्हणू नका म्हणता, ठीक आहे, नाही म्हणत. पण आईंचा खोकला आठवड्यांवर गेला असेल तर एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. घरातल्या धुराने जगात वर्षाला ३२ लाखांच्या आसपास माणसं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, त्यात लहान मुलांचा न्यूमोनिया येतो, बायकांचा दम्यासारखा वाटणारा सीओपीडी येतो, हृदयविकार पण येतो. कधी सिगारेटला हात न लावलेल्या बायकांची फुप्फुसं चुलीने गेलेली असतात. घरात लहान लेकरू असेल तर त्याला कडेवर घेऊन चुलीपुढे बसणं बंद, एवढं तरी नक्की करा.

उमरेडचा_शेतकरी:

भाऊ, दिवाळीच्या आधी तोडलेला कडुलिंब तुम्ही आता जाळून राहिले, मग धूर नाही होणार तर काय होणार? ते लाकूड अजून ओलंच हाय. वरून वाळलेलं दिसते, आत पाणी राहते. ओलं लाकूड टाकलं की आगीची बरीच ताकद पाणी उडवण्यात जाते, आग थंडी पडते, मग लाकूड जळत नाही, नुसतं धुपते. दोन लाकडं एकमेकांवर वाजवून पाहा, वाळलेलं टणटण वाजते, ओलं भद्द बोलते. टोकाला चिरा पडल्या पायजे, साल नखानं सुटली पायजे. अन् जास्तच खात्री पायजे असेल तर एक तुकडा किचनच्या काट्यावर तोला, उन्हात ठेवा, चार-चार दिवसांनी तोलत जा, वजन उतरणं बंद झालं की समजा वाळलं.

आमच्याकडे सरपण हिवाळ्यात तोडून लगेच फोडून ठेवतात, मग नागपूरचं एप्रिल-मेचं ऊन हाय ना बाप्पा, पंचेचाळीस डिग्रीत काय ओलं राहते? मिरग लागायच्या आधी झाकून टाकायचं. फोडणं महत्त्वाचं, अख्खं बुंध्याचं ओंडकं वर्षभर ठेवलं तरी मधात ओलं राहते. चुलीत घालायला मनगटाहून जाड लाकूड नको, पेटवायला अंगठ्याएवढं.

ढीग भिंतीला टेकून नका लावू, अन् जमिनीवर तर नकोच, उधई म्हणजे वाळवी लागते. खाली विटा ठेवा, वरून टिन झाका, बाजूनं उघडं राहू द्या म्हणजे वारा खेळते. लाकडं काढताना बॅटरी लावून पाहा, हात सरळ ढिगात नका घालू, विंचू अन् साप त्याच जागी बसते.

लाकूड म्हणाल तर बाभूळ, धावडा, बोर, चिंच, यांचे निखारे टिकतात, मटण-डाळीले तेच पायजे. काटोल-नरखेडकडे जुन्या संत्र्याच्या बागा काढल्या की ते लाकूड मिळते, मस्त जळते. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, भाकरीले अन् वांगं भाजायले, झटकन पेटतात, झटकन जातात, एक माणूस तिथंच बसून पायजे. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पण चालतात, फक्त शेतकरी भाऊ कोणी वाचत असाल तर त्याचा ढीग वावराच्या धुऱ्यावर पुढच्या हंगामापर्यंत नका ठेवू, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. कण्हेर अन् बिब्ब्याचं लाकूड चुकूनही चुलीत नाही घालायचं, कण्हेर पुरी विषारी, अन् बिब्ब्यानं अंगावर फोड येतात.

प्लाय मात्र आजच बंद करा. त्यात गोंद राहते, केमिकल राहते, सनमायका राहते. त्या धुरावर भाकरी शेकणं म्हणजे काय खाऊन राहिलो आपण!

वर्कशॉप_हिंगणा:

वरच्या दोघांनी मुद्द्याचं सांगितलं. मी फॅब्रिकेशनचं काम करतो, चुली पण बनवून दिल्या आहेत, म्हणून बांधणीचं सांगतो. एक गोष्ट डोक्यात पक्की करा की धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच आहे. लाकूड तापलं की त्यातून गॅस निघतो आणि ज्वाळा त्या गॅसची असते, त्याला हवा कमी पडली किंवा गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, थंड बुडाला ज्वाळा लवकर टेकली की तो अर्धवट जळून वर जातो, तेच आईच्या डोळ्यात जातं आणि तेच तुमचं सरपण वाया जातं. म्हणून धूर कमी केला की लाकूडही आपोआप कमी लागतं.

सगळ्यात स्वस्त काम आधी करा, चुलीत जाळी बसवा. कबाडीवाल्याकडून सळया घ्या, बोटभर अंतराने वेल्ड करून घ्या, चुलीच्या तळापासून अडीच-तीन इंच वर ठेवा. लाकडं जाळीवर आणि हवा खालून. सध्या तुमची लाकडं राखेत पडून राहत असतील, त्यांना खालून हवाच मिळत नाही, मग आई फुंकणी घेऊन बसते. रोज सकाळी जाळीखालची राख काढायची, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी. तोंडात लाकडं कोंबायची नाहीत, दोन-तीनच, टोकं जळतील तशी आत सारायची. गंज आणि चुलीच्या काठामध्ये साधारण बोटाच्या जाडीची फट पाहिजे, त्याहून जास्त ठेवली तर ज्वाळा बाहेरून निघून जाते, कमी ठेवली तर गुदमरते.

चूल परत लिंपणार असाल तर नुसती काळी माती घेऊ नका, आपली काळी माती वाळली की भेगा पडतात. पांढरी माती, शेण आणि धानाचं तूस मिसळून थापा. तुसामुळे भिंतीत बारीक पोकळ्या राहतात आणि उष्णता मातीत मुरत नाही, गंजाकडे जाते.

चिमणीने नक्की फरक पडतो पण ओलं लाकूड तसंच ठेवून चिमणी लावली तर धूर फक्त काकूंच्या अंगणात जाईल. आपल्या देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ च्या सुमारास गुंडाळला, त्यात लाखो चिमणीवाल्या चुली बसल्या आणि पुष्कळ काही वर्षांत बंद पडल्या, त्याचं एक मोठं कारण म्हणजे बसवल्यावर देखभाल झाली नाही. चिमणीत काजळी साचली की ओढ जाते, आणि ती डांबरासारखी काजळी एखाद्या दिवशी आतल्या आत पेटते सुद्धा. महिन्यातून एकदा झाडायची तयारी असेल तरच लावा.

गॅसचा हिशेब ढोबळ सांगतो. साध्या चुलीत लाकडाची १०-१५ टक्केच उष्णता गंजाला लागते, चांगल्या गॅस शेगडीची ६० टक्क्यांच्या वर लागते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम साध्या चुलीवर करायचं तर २०० किलोच्या वर वाळलेलं लाकूड लागतं. जाळी, फट, वाळलेलं सरपण हे सगळं जमून चूल २५ टक्क्यांवर आली तर तेच काम शंभरेक किलोत होतं. म्हणजे लाकूड विकत घेऊन पैसे वाचवायचे असतील तर विसरा, वावरातलं किंवा छाटणीचं फुकट मिळत असेल तरच परवडतं.

मानेवाडा_रिंगरोड:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेगडी बाहेर काढली, आजी जरा रागावली पण सिस्टर ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं तर ऐकलं. प्लाय बंद. वाळलेली बाभूळ कुठून तरी बघतो, कडुलिंब उन्हाळ्यावर ठेवतो. आता दोन शंका राहिल्या, टिनातून चिमणी बाहेर काढली तर पावसाळ्यात तिथून गळणार नाही का, आणि त्या फॅनवाल्या चुलीबद्दल कोणी बोललंच नाही.

महालातली_सुगरण:

वर्कशॉपवाले दादा शंकांचं सांगतीलच, मी सैपाकाचं सांगते कारण चूल आईंना सांभाळायची आहे. डाळ तीन-चार तास भिजत घाला, झाकण ठेवून शिजवा, पुष्कळ सरपण तिथेच वाचतं. मटणाला उकळी फुटली की लाकडं मागे ओढा, सावजी रस्सा निखाऱ्यावरच रटरटू द्यायचा, खाली ज्वाळा भडकवून काही चव वाढत नाही, तळाला लागतं फक्त. वैल, म्हणजे चुलीचं मागचं तोंड, मोकळं राहू देऊ नका, तिथे पाणी तापत ठेवलं की भांड्यांना होतं. गंजाच्या बुडाला बाहेरून राख आणि मातीचं पातळ लेपन करा, काजळी त्याच्यासोबत निघून येते, घासत बसावं लागत नाही. लांब पोळी उलट्या मटक्यावर भाजतात, त्या मटक्याखाली मात्र ज्वाळाच लागते, त्याला बारीक सरपण वेगळं ठेवा.

आंघोळीचं पाणी चुलीवर कशाला तापवता? जुना तांब्याचा बंब असेल तर काढा. त्याची नळी पाण्याच्या मधूनच जाते, चारी बाजूंनी पाणी तापतं, मूठभर काटक्यांत काम होतं. बंब पण उघड्यावरच ठेवायचा, बाथरूममध्ये नाही.

आणि आईंना सांगा पदर खोचून बसायचं, सिंथेटिक साडी नेसून चुलीजवळ जायचंच नाही, ती पेटली की अंगाला चिकटते. पेटवायला रॉकेल-पेट्रोल कधीच नाही, विशेषतः विझत आलेल्या निखाऱ्यावर, भपका सरळ तोंडावर येतो. गोवरीचा तुकडा आणि तुराटी पुरे. पाण्याची बादली हाताशी, पण कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, वरून झाकण. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

वर्कशॉप_हिंगणा:

टिनाचं सांगतो. पाइप चार इंची जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, घ्या, पीव्हीसी अजिबात नाही, वितळतो आणि विषारी धूर देतो. टिनाला भोक पाइपपेक्षा दीड-दोन इंच मोठं पाडा म्हणजे तापलेला पाइप टिनाला आणि खालच्या लाकडी बल्लीला टेकणार नाही. भोकाच्या वर पाइपवरच पत्र्याची छत्रीसारखी कॉलर वेल्ड करून घ्या, भोकापेक्षा मोठी, पाऊस तिच्यावरून टिनावर उतरतो. चिमणीच्या तोंडावर वेगळी टोपी, मध्ये चार इंच मोकळं. उंची छपराच्या सगळ्यात वरच्या भागापासून कमीत कमी दोन फूट, आणि काकूंच्या खिडकीच्या वर जाईल हे पाहा. वळणं देऊ नका, सरळ वर न्या. खाली चुलीच्या मागे पाइपला टी आकाराचा जोड लावून एक झाकण ठेवा, काजळी तिथून काढता येते. शेडमधली वायर आणि बल्ब पाइपपासून लांब सरकवा. किचनच्या दाराच्या समोरच्या भिंतीत वर एक जाळीची खिडकी काढा, चिमणी असली तरी लागते.

फॅनवाली चूल चांगली असते, धूर खूपच कमी, पण तिला बोटाएवढे तुकडे लागतात, बॅटरी चार्ज करावी लागते आणि मटणाचा मोठा गंज तिच्यावर डगमगतो. भाकरी-भाजीपुरती असेल तर घ्या, उघड्यावर वापरा. घ्यायच्या आधी आयएस १३१५२ चं मार्किंग आहे का ते बघा, बायोमास चुलींचं भारतीय मानक तेच आहे. पण पैसे तिथे घालायच्या आधी जाळी बसवून वाळलेल्या बाभळीवर आठवडाभर चालवून पाहा. कबाडीतली सळई आणि वेल्डिंग एवढाच खर्च आहे. माप हवं असेल तर चुलीच्या तोंडाची रुंदी आणि आतली खोली इथे टाका, मी जाळीचा आकार काढून देतो.