ती आडवी तुळई कापायची की ठेवायची?

मी: सगळ्यांनी जरा इकडे लक्ष द्या, सल्ला हवाय आणि आजच हवाय. स्वयंपाकघराचं खोटं छत काल उतरवलं. वर थेट आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कण्यापर्यंत, उघडी पाखी (छपराचे दोन उतार) निघाली, जाडजूड वासे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन आडव्या तुळया. इतकी वर्षं आम्ही ८ फुटांच्या छताखाली स्वयंपाक करत होतो आणि डोक्यावर एवढी जागा होती!

मी: [फोटो] [फोटो]

दादा: अगं केवढं सुंदर आहे हे. झाकलं कुणी होतं?

मी: आधीच्या मालकांनी. खोली १४ बाय १२ आहे, भिंती साडेआठ फूट, आढं जमिनीपासून १५ फुटांवर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दोन्ही आडव्या तुळया काढून टाकू, त्या नुसत्या शोभेच्या आहेत. म्हणजे उंच कपाट बसेल आणि चिमणीचा पाइप सरळ वर नेता येईल. उद्या सकाळी सुतार कापायला येतोय.

दादा: मला पटतंय. त्या नसल्या तर वरची उंची खरी दिसेल.

काका: सुताराला उद्या येऊ नको म्हणून कळव. आत्ताच. बाकीचं मग बोलू.

मी: कळवलं काका. पण का?

काका: एक जाड पुस्तक घे, मधोमध उघड आणि टेबलावर पालथं घाल, छपरासारखं. आता पाठीवर बोटाने दाब. काय होतं?

मी: दोन्ही कडा बाहेर सरकतात.

काका: तुझ्या छपराचं तेच चाललंय, रात्रंदिवस. वासे वजन खाली आणतात आणि त्याबरोबर भिंतींना बाहेर रेटतात. पाखं जितकं सपाट तितका रेटा जास्त. आता त्या पुस्तकाच्या दोन कडांना दोरा बांधून बघ, सरकणार नाही. तो दोरा म्हणजे तुझी आडवी तुळई. दिसायला वाटतं ती काहीतरी उचलून धरतेय, पण तिचं खरं काम ओढून धरण्याचं आहे. कापली तर त्याच दिवशी काही होणार नाही, म्हणूनच लोक फसतात. काही महिन्यांनी भिंतीच्या माथ्याशी आडवी फट दिसते, आढं मध्ये झुकतं, आणि मग ते पूर्ववत करणं फार अवघड.

दादा: पण काका, उंच छताची कितीतरी घरं बघितलीत, त्यांत अशा आडव्या तुळया नसतात.

काका: बरोबर. तिथे आढं स्वतः भक्कम असतं. जाड लाकूड किंवा लोखंड, दोन्ही टोकांना खांबावर नाहीतर त्रिकोणी भिंतीवर टेकलेलं, आणि तो भार तिथून थेट पायापर्यंत गेलेला. अशा वेळी वासे आढ्याला लटकतात, भिंतींना रेटत नाहीत. म्हणून मला आढ्याचा फोटो हवा, दोन्ही टोकांचा. किती जाड आहे आणि कशावर टेकलंय ते दिसलं पाहिजे.

मी: [फोटो] शिडीवरून काढलाय. इंचभर जाडीची फळी आहे, दोन्हीकडचे वासे तिला येऊन भिडलेत. टोकांखाली काहीच दिसत नाही.

काका: मग झालंच. ही फळी फक्त वासे एका रेषेत जोडायला आहे, भार घेत नाही. तुझ्या तुळया काम करतायत.

वहिनी: थोड्या वर सरकवून बसवल्या तर? डोक्यावरून तरी जातील.

काका: तळाच्या एक तृतीयांश उंचीत असल्या तरच त्या नीट धरतात. जितक्या वर न्याल तितका ताण वाढतो, शिवाय खालचा वासा वाकायला लागतो. पर्याय आहे, लाकडाऐवजी पोलादी सळई, ती बारीक असते आणि नजरेत भरत नाही. पण तिची जाडी, दोन्हीकडची पकड आणि काम चालू असताना टेकू कुठे लावायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून लिहून द्यायला हवं. कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजावर हे सोडू नकोस. फोटो बघून मी सांगतोय तेसुद्धा सावध करण्यापुरतंच. प्रत्यक्ष बघणारा माणूस बोलव.

आई: काका सांगतायत ते ऐक. घर आधी, कपाट नंतर.

मी: ठरलं आई. तुळया राहतील.

आत्या: आता मला बोलू दे, कारण मी अशा छताखाली रोज स्वयंपाक करते. बाळा, तू वर बघून खूश झालीस, मीही झाले होते. दोन वर्षांनी पडदा लावायला शिडीवर चढले आणि तुळईच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवलं. बोट चिकटलंच. मधासारखा तपकिरी थर आणि त्यात रुतलेली धूळ, लोकरीसारखी. खालून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. लाकडी उलथन्याने खरवडून, कोमट साबणपाण्यात पिळलेल्या फडक्याने वीत-वीत पुसत मला चार दिवस लागले. फडकं ओलंगच्च ठेवायचं नाही, लाकूड पाणी पितं.

वहिनी: चिमणी नव्हती का आत्या?

आत्या: होती. पण ज्याने बसवली त्याने पाइप बाहेर काढलाच नव्हता. हवा आत ओढायची, जाळीतून गाळायची आणि परत खोलीतच सोडायची. तेल थोडं अडतं, वाफ मात्र सगळी आतच. गरम हवा वर जाते आणि आढ्याखाली साचून राहते. सपाट छतात ती निदान खिडकीजवळ असते.

काका: आत्याचा मुद्दा नीट लक्षात घे. आधी तुझ्या खोलीत १४ गुणिले १२ गुणिले ८ म्हणजे १३४४ घनफूट हवा होती. आता भिंत साडेआठ आणि आढं १५, सरासरी पावणेबारा फूट, म्हणजे १९७४ घनफूट. जवळजवळ दीडपट. तासाला १२ वेळा हवा बदलायची म्हटली तर चिमणीला ताशी साधारण ६७० घनमीटर ओढावी लागते, आधी ४६० पुरली असती. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे धूर वर पसरायच्या आत पकडणं. चिमणी शेगडीपेक्षा रुंद हवी आणि गॅसपासून ६५ ते ७५ सेंटिमीटरवर. छत उंच आहे म्हणून तीही उंच टांगली की तिचा उपयोग संपला.

मी: आणि पाइप? तो आता दोन तुळयांच्या मधून नेता येईल?

काका: तुळया एकमेकींपासून ४ फुटांवर दिसतायत, भरपूर जागा आहे. शेगडीच त्या मधल्या पट्ट्यात आण, मग पाइप सरळ वर जाईल. चिमणीच्या तोंडाला जेवढा व्यास तेवढाच शेवटपर्यंत ठेव, साधारण १५० मिलिमीटर असतो. मध्ये बारीक केला की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. प्रत्येक वळण ओढ खातं. छपरातून बाहेर पडतो तिथे पत्र्याची झालर नीट बसवून घे, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी पाइपाच्या कडेने शेगडीवर येईल. आणि लाकडाला पाइप चिकटू देऊ नका, अंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

दादा: छपराला उघडणारी खिडकी लावली तर?

काका: आढ्याजवळ लावली तर फारच छान. खालची खिडकी किंचित उघडी ठेवली की गरम हवा आपोआप वरून निघून जाते. तिला पंख्याची गरज लागत नाही. फक्त दुपारचं ऊन ओट्यावर येणार नाही अशा पाख्यावर लाव.

वहिनी: माझं एकच सांगणं, दिव्यांकडे बघ गं. आमच्याकडे उंच छताला मधोमध एक मोठा दिवा टांगला. खोली उजळली, पण ओट्याशी उभी राहिले की माझ्याच डोक्याची सावली चिरायच्या फळीवर. सुरीचं टोक दिसायचं नाही. दोनदा बोट कापलं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने कमी होतो, त्यामुळे १५ फुटांवरचा दिवा कामाला येत नाही. वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लाव. ओट्यावर ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड मिळाला की डोळे ताणावे लागत नाहीत.

मी: आणि वर अंधारच?

वहिनी: नाही गं. तुळईच्या वरच्या पाठीवर पट्टी ठेव, उजेड पाख्यांवर पडेल, रात्री फार छान दिसतं. वायरही तिथेच पाठीवरून जाते, खालून दिसत नाही. तुळईला भोकं पाडून वायर नेऊ नकोस म्हणजे झालं.

काका: शाबास. विशेषतः टोकांजवळ आणि खालच्या कडेला भोक नकोच.

आत्या: वरच्या पाठीवर दिवे लावलेस तर चिकट थर त्यांच्यावरही बसेल, पुसता येतील असे घे.

दादा: कपाटांचं काय? छत तिरकं, कपाटंही तिरकी कापायची का?

मी: तोच घोळ चाललाय. डिझाइनवाली म्हणते कपाटं छताच्या उतारापर्यंत न्या.

वहिनी: नेऊ नकोस. उतारापाशी त्रिकोणी कप्पे होतात, त्यांत काही मावत नाही आणि हातही पोचत नाही. कपाटांचा माथा तुळईच्या खालच्या कडेला जुळव, एक आडवी रेष होऊन जाईल. त्यावर भिंत मोकळी सोड.

आत्या: हो, आणि कपाटांच्या माथ्यावर फळी बसवून ते बंद कर. उघडं ठेवलंस की तिथेही तोच थर.

दुसऱ्या दिवशी सकाळी

मी: काका, एक नवीन गोष्ट. रात्री ओटा स्वच्छ पुसला होता. सकाळी एका तुळईखाली पिठासारखा पांढुरका भुगा पडलाय, चिमूटभर. काल सुताराने वर ठोकठोक केली होती, त्यामुळे असेल का?

काका: असू शकेल, पण नक्की करून घेऊ. पुसून टाक आणि तिथे काळा कागद पसर. दोन दिवस वर कुणी हात लावू नका. परत भुगा पडला तर किडा जिवंत आहे. बॅटरी लावून तुळईवर बारीक भोकं दिसतात का बघ, टाचणीच्या डोक्याएवढी. आतलं लाकूड ताजं, फिकं दिसलं तर भोक नवीन आहे. आणि पेचकस घेऊन तुळईभर टोचून बघ. चांगल्या लाकडात टोक अडतं. भिंतीत शिरतं तिथे जास्त काळजीपूर्वक टोच.

मी: लाकडाला लांबलांब चिराही आहेत, त्यांचं काय?

काका: रेषांच्या दिशेने गेलेल्या चिरा बहुतेक वाळताना पडलेल्या असतात, घाबरू नकोस. आडवी गेलेली किंवा सांध्यातून निघालेली चीर दिसली तर मला लगेच फोटो.

दोन दिवसांनी

मी: कागद कोरा आहे. भोकं आहेत पण काळवंडलेली. किडा बहुतेक जुना. पण काका, खिडकीकडच्या तुळईचं टोक भिंतीत जातं ना, तिथे पेचकस दोन इंच आत गेला. लोण्यात जावा तसा. वर छपराला गळती होती तिथेच.

काका: म्हणजे टोक कुजलंय. बरं झालं टोचून बघितलंस. लाकडात ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी लाकूड खायला लागते, आणि भिंतीत गाडलेलं टोक वाळतच नाही. आता क्रम असा. आधी गळती बंद. इंजिनिअरला उद्याच बोलव. दुरुस्ती शक्य असते, कुजलेला भाग कापून नवीन लाकूड किंवा पोलादी पट्ट्यांनी जोड देतात, पण ते टेकू लावूनच. नवीन टोक भिंतीत बसवताना त्याच्याभोवती हवा खेळेल इतकी फट ठेवायला सांग.

दादा: आणि हीच तुळई आपण कापायला निघालो होतो. मी हो म्हणालो होतो. चुकलंच माझं.

आई: वेळेत कळलं ना, पुरे.

दादा: तुळयांना तेल लावायचं काम माझ्याकडे दे. या शनिवारी येतो.

काका: दुरुस्ती झाल्यावर ये. आधी घासायला घेऊ नकोस, जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. आणि जवसाचं तेल लावलंस तर चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. त्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळवायच्या नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायच्या.

दादा: हे माहीतच नव्हतं. लक्षात ठेवतो.

वहिनी: उन्हाळ्याचं काय काका? छत उघडं म्हणजे वरून सगळी उष्णता खाली.

काका: इथे तिला एक निवड करावी लागेल. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, वाशांच्या मध्ये भरलं तर वासे झाकले जातात. वर छप्पर आणि इन्सुलेशन यांच्यात २ इंच हवेची वाट सोडावी लागते, खाली शिरून आढ्यापाशी निघणारी. वासा ६ इंचांचा असेल तर ३ इंच इन्सुलेशननंतर दिसायला इंचच उरतो. वासेही पूर्ण दिसायला हवे असतील तर छप्पर उतरवून वरून घालावं लागेल. खोलीच्या बाजूने वाफ अडवणारा पडदा मात्र दोन्ही प्रकारांत हवाच, नाहीतर स्वयंपाकाची वाफ वर जाऊन लाकडात मुरेल.

मी: गळतीसाठी ते पाखं उतरवायचंच आहे ना? मग खिडकीकडच्या पाख्यावर वरून घालते, वासे दिसतील. दुसरीकडे मधून भरते. दोन पाखी वेगळी दिसतील, मला चालेल.

काका: चालेल ना. फक्त इंजिनिअरला आधी सांग, वजन बदलतंय.

दहा दिवसांनी

मी: [फोटो] टेकू लागले. चार खांब आहेत, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. इंजिनिअरबाई दोन तास वर होत्या. दोन्ही तुळया ठेवायच्या, कुजलेलं टोक बदलायचं, शेगडी मधल्या पट्ट्यात. कापून काढलेला तुकडा मी ठेवलाय, हातात घेतला की कडेने चुरा होतो आणि मध्ये अजून घट्ट आहे.

आत्या: तो तुकडा टाकू नकोस. मला बघायचाय.

मी: रविवारी ये आत्या. स्वयंपाक बाहेरच्या पडवीत चाललाय, पण ये.