अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी डॉक्टर निवडताना यशाचे आकडे किती मोलाचे?

मूळ मत

मूल होण्यासाठी उपचार घेण्याची वेळ आली की जोडपी ओळखीच्यांना पहिला प्रश्न विचारतात, "तुम्हाला कुणाकडे गुण आला?" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कारण गुण येणे हे डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच स्त्रीच्या वयावर आणि मूळ कारणावर अवलंबून असते. गर्भनलिका बंद असल्यामुळे ३० व्या वर्षी आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडणे) केलेल्या मैत्रिणीचा अनुभव ४१ वर्षांच्या स्त्रीच्या फारसा उपयोगाचा नसतो.

आम्ही पहिले डॉक्टर स्वभाव पाहून निवडले. ते मायाळू होते, वेळ देत, धीर देत. दीड वर्ष पत्नीने बीज तयार होण्याच्या गोळ्या घेतल्या, दर महिन्याला सोनोग्राफीने बीजाची वाढ मोजली गेली, आणि या सगळ्या काळात माझी वीर्यतपासणी करावी असे कुणाच्याही मनात आले नाही. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, हे मला नंतर कळले. ती तपासणी झाली तेव्हा एका कागदावर सगळा उलगडा झाला, पण गेलेले दीड वर्ष परत आले नाही.

म्हणून मी आता आकडे मागा असे सांगतो, आणि आकडा मागताना यश कशाला म्हटले आहे आणि छेद कोणता, म्हणजे टक्केवारी कुणामागे काढली आहे, हे विचारा. "गर्भ राहिला" हे यश धरले तर पुढे गर्भपात झालेल्याही त्यात मोजल्या जातात. "गर्भाशयात भ्रूण सोडलेल्या" स्त्रियांवरून टक्केवारी काढली तर ज्यांचे भ्रूण तयारच झाले नाही त्या हिशेबातून गळतात. आपल्या वयोगटात, सुरू केलेल्या दर १०० उपचारचक्रांमागे किती जिवंत बाळे जन्मली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे सरळ उत्तर न देणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नये.

प्रतिसाद १ (असहमत)

आपला छेदाचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी अगदी आपण सांगता तसेच केले होते. वय ३९, एएमएच (अंडाशयात किती बीजे शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) अतिशय कमी. ज्या केंद्राचे आकडे सर्वांत चांगले होते, तिथे पहिल्याच भेटीत, माझे कागद पुरते उलटलेही नसताना, दात्याचे बीज घ्या नाहीतर आम्ही उपचार सुरू करणार नाही असे सांगण्यात आले. आकडे चांगले राखण्याचा हाही एक मार्ग असतो: अवघड रुग्ण दारातूनच परत पाठवायचे. एएमएचवरून इंजेक्शनांनंतर साधारण किती बीजे मिळतील याचा अंदाज येतो, त्या बीजांच्या गुणवत्तेचा निवाडा होत नाही, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले.

त्या डॉक्टरांनी माझ्याच रिपोर्टच्या मागे पेनाने उतरत्या पायऱ्या काढल्या. वर लिहिले ५ बीजे, त्याखाली पक्व ४, फलित ३, आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकणारे भ्रूण "१, किंवा एकही नाही". मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शेवटच्या पायरीवर शून्य आले तर काय करायचे, ते आजच बोलू या." यशाच्या कोणत्याही तक्त्याने मला ही तयारी दिली नसती. मला मूल झाले नाही. तरीही पुन्हा निवड करायची झाली तर मी त्यांनाच निवडीन, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत)

मी भ्रूणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आपण दोघेही डॉक्टरांविषयी बोलत आहात. प्रयोगशाळेविषयी कुणीच बोलत नाही. १९७८ मध्ये आयव्हीएफने झालेले जगातील पहिले बाळ, लुईझ ब्राऊन, जन्मली त्यामागे डॉक्टर स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांच्या बरोबरीने प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी होत्या, आणि वाढत्या भ्रूणावर लक्ष ठेवणाऱ्या त्या होत्या. आजही बीज शरीराबाहेर आल्यानंतरचे पाच दिवस डॉक्टरांच्या हातात नसतात.

म्हणून विचारायचे ते असे: भ्रूणतज्ज्ञ रोज केंद्रात असतात की ठरावीक दिवशी बाहेरून येतात? ट्रिगरच्या, म्हणजे बीजे शेवटची पक्व होण्यासाठी दिलेल्या, इंजेक्शननंतर साधारण ३४ ते ३६ तासांत बीजे काढावी लागतात आणि बीज कोणत्या दिवशी पक्व होईल हे शरीर ठरवते. प्रयोगशाळा आठवड्यातून मोजकेच दिवस चालत असेल, तर औषधांचे वेळापत्रक प्रयोगशाळेच्या सोयीने वाकवले जाते. नमुन्यांची ओळख दोन व्यक्ती ताडून पाहतात का, हेही विचारावे. आणि बीजे काढल्यानंतर रात्री पोट फुगले, श्वास लागू लागला, तर फोन कोण उचलते? अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका रुग्णालयात दाखल करण्यापर्यंत जाऊ शकतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

प्रयोगशाळेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तो मी मनापासून स्वीकारतो. अवघड रुग्णांना नाकारून आकडा वाढवला जातो, हेही मान्य. उलट दिशेनेही तसे होते: एकाऐवजी दोन भ्रूणे सोडली की टक्केवारी वाढते, पण जुळे, वेळेआधी होणारी प्रसूती आणि त्यातली जोखीम त्या टक्केवारीत दिसत नाही.

तरीही विश्वास आणि संवाद यांवरच सगळे सोपवायला माझे मन तयार होत नाही, कारण विश्वास बसला की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो. भ्रूण रुजावे म्हणून आम्हाला गर्भाशयाचे अस्तर खरवडून घेण्याचा सल्ला मिळाला होता आणि तो सांगणाऱ्यांचा स्वर इतका आश्वासक होता की आम्ही लगेच होकार दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३६४ स्त्रियांवरील चाचणीत खरवडणे केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत जिवंत बाळांचे प्रमाण २६.१ टक्केच निघाले. पत्नीने ती वेदना विनाकारण सोसली.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

आपल्या पत्नीविषयी वाचून वाईट वाटले. मात्र तिथे चांगला संवाद झाला असे मी म्हणणार नाही. तो केवळ गोड स्वर होता. माझ्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी विचारले होते, "किती प्रयत्नांनंतर तुम्ही मला थांबा म्हणाल?" त्यांनी "दोन" असे उत्तर दिले, आणि दुसऱ्या प्रयत्नानंतर मीच तिसऱ्यासाठी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी पायऱ्या काढलेला तो कागद माझ्यासमोर ठेवून नकार दिला.