स्वादुपिंडाचा कर्करोग : देविमिस्टॅट मागवण्याबाबत सल्ला हवा आहे

माझ्या चुलत्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असून तो यकृतात पसरला आहे. आम्ही लातूर जिल्ह्यातले, उपचार छत्रपती संभाजीनगरला चालू आहेत. फोलफिरिनॉक्स ही चार औषधांची केमोथेरपी दर पंधरवड्याला देतात. त्यातले शेवटचे औषध 46 तास पंपातून जात असल्यामुळे तेवढा वेळ ते पंपाची बाटली सोबत घेऊन तिथल्या आमच्या एका पाहुण्यांकडे मुक्कामाला असतात. मळमळ आणि बोटांना मुंग्या सोडल्या तर उपचार त्यांना बऱ्यापैकी सोसत आहेत.

अडचण वेगळीच आहे. एका मध्यस्थाने थोरल्या चुलतभावांना देविमिस्टॅट, म्हणजेच सीपीआय-613, हे कर्करोगावरचे प्रायोगिक औषध बाहेरदेशातून आणून देण्याचे कबूल केले आहे, आणि त्यासाठी दादा दोन एकर रान विकायला निघाले आहेत. हे औषध लिपोइक आम्लासारख्या रचनेचे असून पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातील पायरुव्हेट डिहायड्रोजनेज आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजनेज या दोन विकरांना रोखते, म्हणजे गाठीची ऊर्जेची वाटच अडवते. कल्पना पटण्यासारखी आहे, हे मलाही मान्य आहे. मध्यस्थ दाखवतो तो 2017 चा निष्कर्षही खोटा नाही : फोलफिरिनॉक्सच्या सुधारित मात्रेसोबत हे औषध दिलेल्या 18 रुग्णांपैकी 11 जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या. मात्र त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात 528 रुग्णांवर रीतसर तुलना झाली, तेव्हा मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण जितके किंवा त्याहून अधिक जगले तो काळ) देविमिस्टॅटच्या गटात सुमारे 11.1 महिने, तर केवळ फोलफिरिनॉक्सच्या गटात 11.7 महिने भरले. मध्यस्थ याबद्दल चकार शब्द काढत नाही. शिवाय खऱ्या चाचणीतले औषध रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही, मग हा पैसे कशाचे मागतो?

माझ्या मते या पैशांतला थोडा भाग बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतल्या जन्मजात दोषामुळे कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल, कारण जन्मजात दोष आढळला आणि प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीने (फोलफिरिनॉक्सही त्यातलीच) आजार आटोक्यात राहिला, तर ओलापारिब या गोळ्यांचा पर्याय उरतो. ही तपासणी आमच्या डॉक्टरांनी अद्याप सुचवलेली नाही. ती सुचवण्याचा आग्रह आम्ही धरावा काय, आणि मराठवाड्यात नमुना देण्याची सोय कुठे आहे?

दुसरे असे की, भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीच्या संकेतस्थळावर या आजाराच्या चालू चाचण्या कशा शोधाव्यात, आणि एखादी सापडल्यास सध्याची केमोथेरपी न थांबवता मुंबईच्या टाटा रुग्णालयात केवळ मत घेण्यासाठी कागदपत्रे कशी दाखवावीत, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे. दादा माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि माझ्या सांगण्याने ऐकणार नाहीत. एखाद्या कर्करोगतज्ज्ञाने तिसऱ्या टप्प्याचा अर्थ इथे मराठीत लिहून दिला, तर तो मी त्यांना वाचून दाखवीन. सौद्याचा इसार अजून घेतलेला नाही.