माडीवरचे डॉक्टर : मिरजेच्या आमच्या मनोविकारतज्ज्ञांविषयी तुमचे अनुभव लिहा

सांगली-मिरजेच्या खेड्यापाड्यांत आणि सीमेपलीकडे अथणी-चिकोडीपर्यंत ज्यांना लोक ‘माडीवरचे डॉक्टर’ म्हणत, ते आमचे मनोविकारतज्ज्ञ गेल्या महिन्यात हृदयविकाराने गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता, आणि ‘मानसिक’ हा शब्द तोंडातून काढायला घाबरणाऱ्या माणसांना ‘माडीवर जाऊन येतो’ म्हणणे सोपे जाई. डॉक्टरांनाही हे नाव ठाऊक होते आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले होते. त्यांनी आयुष्यभर कोणाचे नाव बाहेर जाऊ दिले नाही, म्हणून कुटुंबीयांच्या इच्छेनुसार येथे त्यांचेही नाव लिहिलेले नाही. आपण रुग्ण असाल, नातेवाईक असाल, विद्यार्थी किंवा शेजारी असाल, तरी स्वतःची ओळख न देता, जे खरोखर घडले तेवढेच, पण सविस्तर लिहावे. मला स्वतःला एवढेच सांगायचे आहे की त्यांच्या खोलीत रुग्णाच्या खुर्चीशेजारी नेहमी आणखी तीन खुर्च्या असत आणि त्या रिकाम्या दिसल्या की ते पहिला प्रश्न विचारीत, “घरचे कोण आले आहे?”

द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

माझ्या धाकट्या भावाला पंचविशीत आजार सुरू झाला. महिनाभर झोप नाही, अखंड बडबड, आणि एके दिवशी आम्हाला न विचारता त्याने दोन एकरांत मावतील त्याच्या कितीतरी पट रोपांची ऑर्डर दिली. वडिलांनी त्याला गाणगापूरला नेले. परत आल्यावर तो काही दिवस शांत राहिला आणि नंतर अंथरुणातून उठेनासा झाला. अखेर आम्ही माडीवर गेलो, तेव्हा वडिलांनी चाचरत गाणगापूरचे सांगितले. डॉक्टर रागावतील अशी आमची खात्री होती. ते म्हणाले, “दादा, पुन्हा जायचे असेल तर अवश्य जा. गोळ्यांची डबी मात्र बरोबर न्या, आणि तिथेही रात्रीची गोळी चुकवू नका.” या एका वाक्याने वडील त्यांचे झाले.

मनाचे असे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम हे औषध सुरू केले त्या दिवशी त्यांनी आम्हाला जवळपास तासभर दिला. रक्तातले लिथियम मोजण्याची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच का करायची, हे त्यांनी कागदावर घड्याळ काढून आईला समजावले, कारण गोळी देणार ती होती. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. पुढे त्यांनी आमच्या कामाची चौकशी केली आणि एप्रिलमधल्या खरड छाटणीचा विषय स्वतःहून काढला. उन्हात घाम गाळताना पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका, कुणाच्या सांगण्यावरून अळणी जेवण सुरू करू नका, कारण शरीरातले मीठ घटले की रक्तातले लिथियम वाढते. हात थरथरू लागले, जुलाब-उलट्या झाल्या तर पुढची गोळी घेण्याआधी मला फोन करा, असे त्यांनी बजावले. तो कागद आईने देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता. भाऊ आज स्वतः बाग पाहतो, त्याला दोन मुले आहेत, आणि डॉक्टर गेल्याचे कळल्यावर त्याने दिवसभर कुणाशी बोलणे टाळले, मात्र रात्री नऊला गोळी घेतली.

सून, अथणी (माहेर जत)

माझ्या सासूबाईंना आवाज ऐकू येत. शेजारची बाई भिंतीतून शिव्या देते, असे त्या म्हणत. सासऱ्यांचा मात्र ठाम समज होता की हे सगळे कामचुकारपणाचे सोंग आहे, आणि ते दिवसभर टोमणे मारीत. डॉक्टर बंगळूरला शिकलेले असल्यामुळे सासूबाईंशी सरळ कन्नडमध्ये बोलले, आणि त्या कित्येक महिन्यांनी एखाद्या परक्या माणसासमोर मोकळेपणाने बोलल्या. मग त्यांनी सासऱ्यांना एकट्यालाच आत बोलावले. त्या वेळी काय बोलणे झाले ते सासऱ्यांनी आम्हाला कधीच पुरते सांगितले नाही. एवढेच म्हणाले की, ज्या घरात रुग्णाला सतत बोल लावले जातात तिथे गोळ्या चालू असूनही आजार लवकर उलटतो, हे देशोदेशी अभ्यासून सिद्ध झाले आहे, आणि “तुमची जीभ हे तिच्या औषधाचा भाग आहे” असे डॉक्टरांनी त्यांना ऐकवले. सासरे कडक होते, तरी ते बदलले. सासूबाईंचे आवाज पूर्णपणे गेले नाहीत. पण त्या आता भाकरी करता करता हळूच सांगतात, “आज जरा जास्त बडबडतेय ती,” आणि सासरे रेडिओ लावून देतात.

निवृत्त लिपिक, मिरज

माझे थोडक्यात आहे. माझे नैराश्याचे उपचार चालू असताना डॉक्टर मला मिरज जंक्शनवर सहकुटुंब दिसले आणि ओळख न दाखवता पुढे गेले. मनाला लागले. पुढच्या भेटीत मी तसे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी सांगितले की बाहेर रुग्णाला आधी नमस्कार करायचा नाही हा त्यांचा नियम आहे, कारण शेजारी उभा असलेला माणूस ‘तुम्ही यांना कसे ओळखता’ असे विचारू शकतो. “तुम्ही हाक मारलीत तर मी थांबेन,” असे ते म्हणाले. त्यानंतर मी प्रत्येक वेळी हाक मारली.

मनोविकारतज्ज्ञ, त्यांचे विद्यार्थी

सरांकडे मी उमेदवारी केली. त्यांच्या बोलण्यात अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांचे नाव वारंवार येई. १९५०च्या दशकात, जेव्हा मनोरुग्णाला भिंतीआड ठेवणे हीच रीत होती, तेव्हा विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहू दिले, आणि सोबत राहिलेली माणसे आजार समजून घेऊन रुग्णाला घरी परत नेऊ लागली. सर म्हणत की आपल्या देशाने या शास्त्राला दिलेली ही फार मोठी देणगी आहे आणि आपल्याच पाठ्यपुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात. त्या तीन खुर्च्या अमृतसरच्या तंबूंतून आल्या होत्या, असे मी मानतो.

दुसरी गोष्ट विद्युत उपचारांची. सिनेमाने ज्याला ‘शॉक’ म्हणून बदनाम केले, तो उपचार आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या, अन्नपाणी सोडलेल्या रुग्णाचा जीव वाचवतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी घातली. सरांकडे ती शिस्त पहिल्या दिवसापासून होती, कारण सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भूलतज्ज्ञ होत्या आणि त्या आल्याशिवाय यंत्राची कळ दाबली जात नसे. रुग्ण शुद्धीवर येताना त्याला क्षणभर आपण कोठे आहोत हे कळत नाही, म्हणून त्या वेळी घरचा ओळखीचा चेहरा समोर असावा, असा सरांचा आग्रह असे. एकदा एका आजीबाईंचा मुलगा उशिरा आला, तेव्हा सर स्वतः त्यांचा हात धरून बसून राहिले आणि बाहेर ताटकळलेल्या रुग्णांची मला माफी मागायला पाठवले.

औषध विक्रेता, सांगली

ऑगस्ट २०१९च्या महापुरात माझे दुकान पाण्याखाली होते. लोक नेसत्या वस्त्रांनिशी निवारा केंद्रांत आले होते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची विचारपूस सगळे करीत होते. डॉक्टर केंद्रांतून फिरत आणि कुजबुजत्या आवाजात विचारीत, “झोपेआधी कोणती गोळी घेता?” चारचौघांत कोणी फिटची, वेडाची गोळी असे नाव घेणार नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. अशी विचारून केलेली यादी ते मला फोनवर सांगत आणि मी कोल्हापूर रस्ता खुला होताच माल आणून देत असे. त्या यादीवर कोणाचेच नाव नसे, केवळ केंद्र, औषध आणि डॉक्टरांनाच कळेल अशी एखादी खूण.

त्यांची मुलगी

बाबांविषयी लोक इतके लिहीत आहेत की मी केवळ घरातले बाबा सांगते. त्यांनी आम्हा भावंडांना कधी ‘तपासले’ नाही. आम्ही रडलो, चिडलो, दार आपटले, तरी त्यावर त्यांचे शास्त्र आमच्यावर उगारले गेले नाही, फार तर ते म्हणत, “आधी जेव, मग भांड.” रविवारी रात्री ते रेडिओ लावून आमचे आठवड्याचे गणवेश इस्त्री करीत. कॉलरपासून सुरुवात, मग बाह्या, शेवटी पाठ. हे काम त्यांनी आईला किंवा बाईंना कधीही करू दिले नाही. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणे होई, तेव्हा ते आम्हाला सतरंजी आणि स्वेटर घेऊन नेत, आणि मी त्यांच्या मांडीवर झोपून जात असे.

आजीला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा ती त्यांना आपला मोठा भाऊ समजू लागली. ते तिला कधीच ‘मी तुझा मुलगा’ असे पटवू पाहत नसत. ती ‘दादा’ म्हणे, ते ‘ओ’ देत, आणि तिला भरवून झाले की दवाखान्यात जात. एकदा मात्र ती झोपल्यावर ते स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले, “आज तिने माझीच चौकशी केली, मुलगा शाळेतून आला का म्हणून.” त्या संध्याकाळी त्यांनी दवाखाना अर्धा तास उशिरा उघडला. तसे त्यांनी कधी केलेले मला आठवत नाही.

त्यांच्या पत्नी

सर्वांचे लिहिलेले वाचले. काही मजकूर मुलीने मला दोनदा वाचून दाखवला. आता कामाचे सांगते. दवाखान्यातील सर्व केसपेपर कुलपात सुरक्षित आहेत. ज्याचा कागद त्यालाच, किंवा त्याने लेखी संमती दिलेल्या नातेवाइकालाच मिळेल. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते एक या वेळेत मी स्वतः माडीवर बसते. डॉक्टर नाहीत म्हणून कोणीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. विशेषतः लिथियम एकाएकी थांबवल्यास आजार उसळून येण्याचा मोठा धोका असतो. ज्यांची रक्ततपासणी राहिली असेल त्यांनी ती करून अहवाल घेऊन यावे. त्यांचे विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस येऊन जुने रुग्ण पाहणार आहेत. मध्येच अडचण आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीसुद्धा बोलता येते. येताना घरच्या कोणाला तरी बरोबर आणावे. खुर्च्या तशाच ठेवल्या आहेत.