मल्टिकल्चरल स्टुडंट एंगेजमेंट को-ऑर्डिनेटरला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळवेस : मंडळी, एका पदनामाशी तटलोय. आमच्या गल्लीतली पोरगी अमेरिकेत एका विद्यापीठात नोकरीला आहे. ती सुट्टीला येणार म्हटल्यावर तालमीनं सत्कार ठरवला आणि पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. तिचं पद : मल्टिकल्चरल स्टुडंट एंगेजमेंट को-ऑर्डिनेटर. मी 'बहुसांस्कृतिक विद्यार्थी सहभाग समन्वयक' असं लिहून दिलं. अध्यक्ष म्हणाले, "हे वाचून होईपर्यंत पाव्हणी परत जाईल की." मग म्हटलं इंग्रजीच राहू दे, तर छापखान्यातल्या पोरानं 'एंगेजमेंट' वाचून कोपऱ्यात आपल्या मनानंच दोन अंगठ्यांचं चित्र टाकलं. तिच्या आईनं प्रूफ बघितलं आणि गल्लीत दंगा. चार माणसांना कळेल असा शब्द सुचवा.

शुद्धलेखक : 'समन्वयक' योग्य आहे, अडचण पुढच्या लटांबराची आहे. विद्यार्थी बहुसांस्कृतिक नसतो, विद्यार्थ्यांचा समुदाय असतो. 'विविधसंस्कृती छात्र-संपर्क अधिकारी' असं करा.

लाईन बझार : छात्र म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं एनसीसीची परेड येत्या. आणि संपर्क अधिकारी तर साखर कारखान्यात असतोय.

निपाणीकर : 'समरसता अधिकारी' कसं वाटतंय?

लाईन बझार : नको रे बाबा. समता म्हणायचं का समरसता, यावर इथं माणसं व्यासपीठ सोडून उठून गेलेली बघितल्यात. सत्काराचा नारळ हातातच राहील.

थंडीतला कोल्हापूरकर : आधी काम काय असतं ते बघा, मग बारसं घाला. मी शिकायला असताना अशाच एका ऑफिसात पार्टटाईम होतो. यात व्हिसा वगैरे काही नाही. परदेशी मुलांचे कागद बघणारं खातं वेगळं. हे ऑफिस मुख्यतः त्याच देशातल्या, पण संख्येनं थोड्या असलेल्या मुलांसाठी : काळी, लॅटिनो, आशियाई वंशाची, तिथली मूळची आदिवासी. त्यातली कितीतरी घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. प्राध्यापकानं 'माझ्या ऑफिस अवर्सना ये', म्हणजे मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत ये, म्हटलं तर ही शिक्षा आहे की मदत, हेही त्यांना ठाऊक नसतं. अशा पोराला वरच्या वर्गातला कुणीतरी गाठून द्यायचा, मुलांच्या मंडळांना हॉल आणि पैसे मिळवून द्यायचे, सणाच्या दिवशी परीक्षा आली तर प्राध्यापकांशी बोलायचं. रमजानात मेस सूर्यास्ताआधीच बंद व्हायची, तर आमच्या बाई स्वतः भटारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि डबे भरून बाजूला ठेवायला लावले. प्रत्येक डब्यावर नावाची चिकटपट्टी. त्या बाईंचं पद हेच, जे तुमच्या पत्रिकेवर आहे. तेव्हा एवढं करा, 'आंतरराष्ट्रीय' तेवढं घालू नका.

शुद्धलेखक : म्हणजे प्रश्न वंशाचा आहे. मग 'बहुसांस्कृतिक' हा पडदाच झाला की. मूळ शब्दच आडपडद्याचा असेल तर भाषांतरानं तरी काय करायचं?

थंडीतला कोल्हापूरकर : पडदा तर पडदा, पण तो मांडवाला बांधणारी माणसं भांडून आत आलेली आहेत. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात १९६८ च्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी संप केला, तो १९६९ च्या मार्चपर्यंत चालला. त्यातून वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र कॉलेज निघालं. त्या काळात बऱ्याच विद्यापीठांत काळ्या मुलांची केंद्रंही उघडली. पुढं कुठं 'मायनॉरिटी' नाव लागलं, कुठं 'मल्टिकल्चरल', आता 'बिलाँगिंग', म्हणजे आपलेपणा, म्हणायची टूम आहे. टेक्सासात तर १ जानेवारी २०२४ पासून कायद्यानं सरकारी विद्यापीठांतली असली ऑफिसं बंद झाली. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर त्यातच गेलं. त्यामुळं तुमच्या पाव्हणीचं पद पुढच्या वर्षी ह्याच नावाचं असेल, याची हमी मी घेणार नाही.

लाईन बझार : एवढ्या लांब कशाला जाताय? हे काम कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वीपासून चाललंय आणि त्याला नाव पण आहे : बोर्डिंगचा सुपरिटेंडेंट. शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा आणि जैन बोर्डिंग काढलं, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क. दसरा चौकात उभं राहून नुसती मान फिरवली तरी निम्मा इतिहास दिसतोय.

शुद्धलेखक : पण ती जातवार बोर्डिंगं होती. 'बहु' कुठं आलं त्यात?

लाईन बझार : आधी 'बहु'च करून बघितलेलं. १८९६ ला राजाराम कॉलेजला सगळ्या जातींसाठी म्हणून वसतिगृह निघालं आणि थोड्या दिवसांत तिथं ब्राह्मण पोरंच उरली. दार सगळ्यांना उघडं ठेवून भागत नाही, आत आलेलं पोर टिकायला लागतंय. म्हणून मग वेगवेगळी. आणि एका ताटात आणायचं काम भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यातल्या बोर्डिंगात केलं. तिथं सुपरिटेंडेंट नव्हता. लक्ष्मीबाई होत्या, पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडणाऱ्या. रयत शिक्षण संस्थेत त्यांना माउली म्हणतात. घाला की हे पदनाम पत्रिकेवर.

शुद्धलेखक : माउली हे पद नव्हे. माउलीला पगार नसतो.

थंडीतला कोल्हापूरकर : तिकडच्यांना असतो. पण फार नसतो.

जुना रेक्टर : इतका वेळ नुसता वाचत होतो. मी एका वसतिगृहात बरीच वर्षं रेक्टर होतो. सरकारी कागदावर 'गृहपाल', पोरांच्या तोंडी 'रेक्टर' आणि पाठीमागं जे काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडं एक खास शब्द होता, तुमच्या उपयोगाचा. एकदा चंदगडकडचा एक मुलगा आला. बोली ऐकली की बाकीची पोरं फिदीफिदी हसायची, म्हणून ह्यानं बोलणंच टाकलं. जेवायला सगळ्यांच्या शेवटी यायचा, ट्रंकेवर बसून चटणी-भाकरी खायचा. आमचा आचारी त्याच भागातला. त्याला सांगितलं, ह्याला रोज भाजी चिरायला बोलव. आठवड्यात दोघांच्या गप्पा अंगणापर्यंत ऐकू यायला लागल्या, मग हसणारीच पोरं आत जाऊन बसायला लागली. आम्ही रजिस्टरात लिहीत नव्हतो, पण एकमेकांना विचारायचो, "नवीन पोरगं रुळलं का?" एंगेजमेंट म्हणजे दुसरं काय? 'विद्यार्थी रुळवणारा' म्हणा.

निपाणीकर : एक नंबर सर! रुळणं म्हणजे रुळावर येणं. गाडी घसरलेली असते, ती परत रुळावर घ्यायची.

शुद्धलेखक : थांबा. रुळणे आगगाडीच्या रुळावरून आलेलं नाही. तुकोबांच्या 'राजस सुकुमार' अभंगात वैजयंती माळ कंठी रुळते. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ ला. तुकोबांनी रूळ कुठं बघितले?

निपाणीकर : माळ रुळते ती लोंबत्या. पोरगं लोंबत नाही. दोन रुळणी वेगळी असणार.

जुना रेक्टर : पायवाट रुळते ती कुठं लोंबते? माणसांची ये-जा होऊन होऊन मळते. पोराचं तसंच. माझ्या मते माळसुद्धा अंगावर सारखी हलून हलून बसते, म्हणून रुळते.

निपाणीकर : हे सर तुम्ही आत्ता जुळवलंत.

शुद्धलेखक : व्युत्पत्ती असली भावनेवर काढायची नसते. शिवाय 'रुळवणारा' हे पदनाम हास्यास्पद आहे. आपण शब्द घडवायचेच नाहीत का? 'महापौर', 'दिनांक' ऐकून लोक हसलेच होते. आज कोण हसतं?

लाईन बझार : आणि जे रुळले नाहीत त्यांची यादी कोण देणार? तुमच्या पक्षातला सगळ्यात मोठा मोहरा आमच्याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवत होता. माधव जूलियन. १९२५ ला फार्शी-मराठी कोश काढला, कवितेत फारसी शब्दांची खैरात केली आणि नंतर भाषाशुद्धीचा झेंडा घेतला. माणूस दोन्ही बाजूंनी खेळला, तरी आपण आजही 'हजेरी'च घेतो, 'उपस्थिती' फक्त निमंत्रणात प्रार्थनीय असते.

शुद्धलेखक : तो खेळ नव्हता, विचारांती झालेला बदल होता. त्यावर वेगळा धागा काढा, पुराव्यानिशी बोलेन.

रंकाळवेस : मंडळी, पत्रिका छापून आली. 'विद्यार्थी समन्वयक, अमेरिका.' अंगठ्या काढल्या. अध्यक्षांना 'अमेरिका' तेवढं ठळक पाहिजे होतं, ते केलंय.

थंडीतला कोल्हापूरकर : म्हणजे 'मल्टिकल्चरल'च गेलं! तिचं सगळं काम त्या शब्दात होतं.

रंकाळवेस : जागा नव्हती ओ. खाली देणगीदारांची नावं.

शुद्धलेखक : जाता जाता : वर 'बोर्डिंग काढलं' असं लिहिलंय. आमच्या घरी 'ती बोर्डिंग' म्हणत.

लाईन बझार : पेठेत विचारून या. ते बोर्डिंग, बोर्डिंगात राहायला, बोर्डिंगाचं पोरगं. 'ती' म्हणणारा बाहेरचा.

निपाणीकर : कन्नडात निर्जीव ते सगळं नपुंसकलिंगी, भांडणच नाही. या इकडं.

शुद्धलेखक : मग सरळ 'वसतिगृह' म्हणा, लिंगाचा वाद मिटतो. फक्त 'ति' ऱ्हस्व. निम्म्या पाट्यांवर दीर्घ असते.

जुना रेक्टर : माझ्या केबिनच्या पाटीवर पण दीर्घच होती. मला एक वेगळंच विचारायचंय. आम्ही 'मेस लावली' म्हणायचो, तीच पोरं गावी गेल्यावर 'खानावळ धरली' म्हणायची. जेवण तेच, मग इथं 'लावणं' आणि तिथं 'धरणं' का?