पॉवर्ड स्पीकर, माइकला झिणझिण्या आणि अर्थिंगची पिन: सल्ला हवा

मंडळाचा_ध्वनी (रामबाग, इंदूर)
नमस्कार मंडळी. आमच्या गणेश मंडळाने यंदा स्वतःचे पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर घेतले. १५ इंची दोन टॉप, १८ इंची दोन सब (खर्जाचे बॉक्स), मागे पॉवरकॉनची, म्हणजे फिरवून बसवायच्या मेन प्लगची सॉकेट. स्पीकरची लाइट समोरच्या काकूंच्या घरातून येते, साधारण ४० मीटर. मिक्सर आणि लॅपटॉप मात्र मांडवामागच्या दुकानातून. सुरुवातीपासून स्पीकरमधून सतत ‘हूं’ यायचा. एकाने चारही थ्रीपिनच्या जाड, म्हणजे अर्थिंगच्या पिना काढल्या, हूं गेला. पण काल नाट्यगीतांच्या तालमीत गाणाऱ्या ताईंच्या ओठाला माइकची जाळी लागली आणि चांगल्या झिणझिण्या आल्या. रात्रीपासून पाऊसही आहे. काय करावे?

ढोलकीवाला
आमच्याकडे टू-पिनवरच वाजतं सगळं, आजवर काही झालं नाही. माइकला फोमची टोपी घाला, लागणार नाही.

जुना_वायरमन (परदेशीपुरा)
फोमच्या भरवशावर राहू नकोस बाळा. त्या पिना बसेपर्यंत सिस्टिम चालू करायची नाही.

तू लिहिलंस त्यातच रोग दिसतोय. असले स्पीकर, चार्जर, हल्लीचे बरेचसे मिक्सर, सगळ्यांत एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय असतो. त्याच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असेल तर त्यांची चिमूटभर गळती जमिनीत जाते. अर्थ तुटला की बॉडी अधांतरी लटकते, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास.

पिन होती तेव्हा हूं, पिन काढली तर हूं बंद आणि झिणझिण्या चालू. म्हणजे दुकानातल्या सॉकेटला अर्थिंग नाही, असं मला वाटतं. मिक्सरची गळती एक्सएलआरच्या (स्पीकरला आवाज नेणाऱ्या केबलच्या) तारेच्या जाळीतून स्पीकरपर्यंत यायची आणि काकूंच्या अर्थमधून जमिनीत जायची. त्या वाटेवरचा हूं तुम्हाला ऐकू येत होता. तुम्ही नेमकी तीच वाट तोडलीत. आता चार बॉक्स, मिक्सर आणि चार्जर यांची गळती एकत्र होऊन माइकच्या जाळीवर येते, आणि ओल्या जमिनीवर उभी असलेली गाणारी बाई ही तिची वाट झाली. उद्या एखाद्या बॉक्सात फेजची तार सुटून बॉडीला टेकली, तर पूर्ण २३० तिच्या ओठावर. एमसीबी, म्हणजे जास्त करंटला पडणारा बोर्डातला स्विच, तेव्हा पडणार नाही. माणूस मरायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर पुरतात, एमसीबी पडायला अनेक अँपिअर लागतात. अर्थिंगची पिन काढणाऱ्याला मी कामावर उभा करत नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय.

आता काम. स्पीकर, मिक्सर, लॅपटॉप, सगळं एकाच ठिकाणाहून घे. काकूंच्या घरातून २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची केबल ओढ. १.५ वर ४० मीटरला १० अँपिअर ओढले तर जाऊन-येऊन दहा-अकरा व्होल्ट पडतात, २.५ वर साडेसहाच्या आत राहतात. रीलवर असेल तर पूर्ण उलगड, गुंडाळलेली केबल लोडवर तापून वितळते. बॉक्सवर छापलेले वॅट हे पीक असतात, ते सोड, मागच्या प्लेटवरच्या अँपिअरची बेरीज कर. मांडवातल्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइट तोडणारा स्विच, हवीच. रोषणाईला वेगळी आरसीसीबी लाव, नाहीतर एलईडीच्या माळांची गळती साठून भजन चालू असताना स्पीकर बंद पडतील.

घरचं अर्थिंग खरं आहे का, हे नुसत्या मल्टिमीटरवर ठरवू नको. कच्च्या अर्थवरही मीटर २३० दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायला सांग. फेज-न्यूट्रलवर लागतो तसाच भक्क पेटला तर अर्थ धरतोय, मिणमिणला तर अर्थिंगचा खड्डा बघावा लागेल. आधी आरसीसीबी असेल तर ती पडेल, तेही चांगलंच लक्षण. आणि खांबावर आकडा टाकायचा विचार कुणी काढला तर तिथेच थांबव, उत्सवाला वीज कंपनी अस्थायी कनेक्शन देते.

मंडळाचा_ध्वनी
काका, दुकानातला बोर्ड उघडला. हिरवी तार सॉकेटपर्यंत आलेलीच आहे, पण टोक कापून, वर टेप गुंडाळून मागे कोंबलेलं! सगळं काकूंच्या घरावर घेतलं, पिना परत लावल्या, वायरमनने बल्ब लावून पाहिला, लख्ख पेटला. झिणझिण्या गेल्या. हूं जवळजवळ नाही, फक्त लॅपटॉपचा चार्जर लावला की किरकिर येते. आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री जनरेटर आहे, तिथे काय बघू?

साउंडवाली_ताई (बडोदा)
किरकिर येते ती लॅपटॉपच्या ऑडिओ केबलमधून. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल जोडणारी छोटी डबी) टाक आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाब. लिफ्ट करायचं ते सिग्नलचं, मेनचं कधीच नाही. हे आम्ही नवरात्रात दर मैदानावर करतो.
पॉवरकॉनचंही बघ. जुना निळा-करडा असेल तर तो लोडवर, म्हणजे लाइट चालू असताना, काढायला बनवलेलाच नाही, ठिणगी पडून पत्रे जळतात. आधी मागचं बटण बंद कर, मग फिरवून काढ. ट्रू-वन (त्याचाच नवा प्रकार) असेल तर लोडवर काढलेला चालतो.

जुना_वायरमन (परदेशीपुरा)
ताई बरोबर बोलल्या. जनरेटर थ्री-फेज असेल तर स्पीकर जोडायच्या आधी न्यूट्रलचा नटबोल्ट स्वतः ओढून बघ. एका लग्नात न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाची टिकली) ढिला होता. तो सुटल्यावर कमी लोडच्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्ट चढले आणि मिक्सरचा सप्लाय धूर काढून गेला. जनरेटरच्या बॉडीला अर्थ रॉड ठोकलाय आणि न्यूट्रल त्या अर्थला जोडलाय ना, हे विचार. ती जोड नसेल तर आरसीसीबी बसवूनही गळतीवर पडणार नाही. मग मीटरवर फेज-न्यूट्रल २२० ते २४० दिसले की मिक्सर चालू कर, बॉक्स एकेक करून शेवटी. बंद करताना बॉक्स आधी.